किती टाके पडले, यापेक्षा कसे पडले?

आरोग्य पाठ : मासिक बैठकीत मोठ्याने वाचून चर्चा करण्यासाठी



ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला भेटायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती टाके पडले?" पाच सांगितले की "चला, थोडक्यात निभावलं". पंधरा सांगितले की "अगं बाई!" कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला तर आपण नावंच टाक्यांवरून ठेवली आहेत, एक टाक्याचं आणि एक बिनटाक्याचं. (बिनटाक्याच्या ऑपरेशनातही बारीकसा एखादा टाका असतोच बरं का.)

पण टाके जास्त म्हणजे ऑपरेशन अवघड, हा हिशेब बरोबर नाही. उलट पोटाच्या उभ्या चिऱ्याला जास्त आणि बारीक टाके घातले तर पुढे हर्निया कमी होतो, असं तपासून सिद्ध झालेलं आहे. कसं ते या पाठात बघू. मी डॉक्टर नाही आणि हा पाठ वाचून आपण डॉक्टरांना शिकवायला जायचं नाही. पण आपल्या पोटाला काय केलं हे आपल्याला कळलं पाहिजे. ते कळलं तर नंतर जपायचं काय आणि का, हेही पटतं. आपल्या गटांत शिलाई मशीन चालवणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या ताया भरपूर आहेत. त्यांना तर हा विषय चटकन समजेल.

पोट म्हणजे थरांची गोधडी

वरून दिसते ती चामडी. तिच्याखाली चरबी. चरबीच्या खाली एक चिवट, पांढरं, जाड कापडासारखं आवरण असतं. त्याला डॉक्टर 'फॅशिया' म्हणतात. त्याच्याबरोबर पोटाचे स्नायू असतात. अगदी आत पातळ अस्तर असतं आणि त्याच्या आत आतडी, पिशवी वगैरे.

आपल्याला बाहेरून दिसतात ते चामडीचे टाके. ते ७ ते १४ दिवसांत काढतात किंवा आपोआप विरघळतात. पण पोटाला धरून ठेवण्याचं काम चामडी करत नाही, चरबी तर मुळीच नाही. ते काम त्या पांढऱ्या आवरणाचं. ज्वारीचं पोतं आतल्या धान्याचं वजन पेलतं ना, तसंच. आपण खोकलो, हसलो, हंडा उचलला की आतून जोर येतो तो थेट या आवरणावर. म्हणून खरा महत्त्वाचा टाका तोच, जो आपल्याला कधी दिसत नाही. वरून जखम छान भरली, रेघसुद्धा बारीक राहिली, तरी आतलं आवरण उसवलेलं असू शकतं. मग उभं राहिल्यावर तिथे गोळा येतो. तोच ऑपरेशनच्या जागेचा हर्निया.

आणखी एक गोष्ट. चामडी पंधरवड्यात मिटते, पण हे आवरण फार सावकाश भरतं. दोन महिन्यांनी त्याची ताकद मूळच्या साधारण निम्मी असते. वर्ष झालं तरी ती पूर्वीइतकी होत नाही. "टाके निघाले, आता झाली बरी" असं घरचे म्हणतात तेव्हा आतलं काम अर्धंसुद्धा झालेलं नसतं.

टाक्यांचे प्रकार जुनेच आहेत

शिवणकलेचं आणि शस्त्रक्रियेचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत जखम शिवायच्या चार पद्धती सांगितल्या आहेत : वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि. वेल्लितक म्हणजे वेलीसारखा गुंडाळत जाणारा सलग टाका. तुन्नसेवनी म्हणजे फाटलेलं कापड रफू करावं तसा. ऋजुग्रंथि म्हणजे सरळ गाठ मारून सोडलेला सुटा टाका. आजही शस्त्रक्रियेच्या खोलीत मुख्य वाद याच दोघांचा आहे, सलग की सुटा?

सलग टाका की सुटा टाका?

सलग टाक्यात एकच दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. गाठी कमी, वेळ कमी. जोर सगळ्या लांबीवर सारखा वाटला जातो. पण एका जागी दोरा मांसातून कापत बाहेर आला तर सगळी ओळ ढिली पडायची भीती. मशीनची टीप एका जागी उसवली की पुढे सुटतच जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सुट्या टाक्यात प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला आपली गाठ. एक सुटला तरी बाकीचे धरून राहतात. पण वेळ जास्त लागतो आणि गाठी जास्त होतात.

मग चांगला कोणता? उत्तर एकच नाही. ऑपरेशन कशा वेळी झालं यावर ते ठरतं.

आधी ठरवून, तयारीने केलेल्या ऑपरेशनात दोन्हींत हर्नियाचा फारसा फरक पडत नाही. जर्मनीत ६२५ रुग्णांवर याची तुलना झाली, तिचा निकाल २००९ मध्ये आला. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ठरवून केलेल्या ऑपरेशनला सावकाश विरघळणाऱ्या दोऱ्याचा सलग टाका बरा, असं मत झालं.

पण आपल्याकडे बऱ्याचदा पेशंट उशिरा पोहोचतो. आतडं फुटलेलं, पोटात पू, अंगात रक्त नाही, पोट फुगलेलं, अशा वेळी रात्री-बेरात्री पोट उघडावं लागतं. तेव्हा आवरण भिजलेल्या कागदासारखं नाजूक झालेलं असतं आणि दोरा त्यातून कापत जातो. दिल्लीच्या एम्समधल्या शल्यचिकित्सकांनी हेच लक्षात घेऊन 'एक्स' आकाराचा सुटा टाका वापरून पाहिला. २००४ मध्ये छापलेल्या त्यांच्या तुलनेत सलग टाक्यापेक्षा या फुलीच्या टाक्याने पोट उसवण्याचा धोका कमी झाला. म्हणजे युरोपातला नियम आपल्या प्रत्येक पेशंटला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. शेजारणीला सलग टाका आणि तुम्हाला सुटे टाके घातले, तर एकीवर चांगले उपचार झाले आणि दुसरीवर वाईट, असा अर्थ काढू नका.

मोठा टाका की बारीक टाका?

आता पंचवीस की पंचेचाळीस, हा प्रश्न.

पूर्वीपासून डॉक्टरांना शिकवलं जायचं की कडेपासून एक सेंटीमीटर आत सुई घाला आणि एक-एक सेंटीमीटरवर टाका घ्या. म्हणजे दाभणाने पोतं शिवतो तसं, मोठे आणि मजबूत. स्वीडनमधल्या डॉक्टरांना मात्र वाटलं की बारीक टाका जास्त टिकेल. त्यांनी २००९ मध्ये आपली तुलना छापली. मोठ्या टाक्यांच्या गटात १८ टक्के लोकांना पुढे हर्निया झाला, बारीक टाक्यांच्या गटात ५.६ टक्के. जखमेत पू होण्याचं प्रमाणही जवळपास निम्म्यावर आलं.

मग नेदरलँड्समध्ये १० रुग्णालयांनी ५६० रुग्णांवर हेच पुन्हा तपासलं. निकाल २०१५ मध्ये आला. अर्ध्या लोकांना एक सेंटीमीटरचे मोठे टाके घातले आणि अर्ध्यांना अर्ध्या सेंटीमीटरचे बारीक. मोठ्या पद्धतीत सरासरी २५ टाके पडले, बारीक पद्धतीत ४५. वर्षभरानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के लोकांना हर्निया होता, बारीक टाक्यांच्या गटात १३ टक्के. बारीक शिवायला डॉक्टरांना जास्त वेळ किती लागला? फक्त चार मिनिटं, दहाऐवजी चौदा.

असं का होतं? मोठा टाका घेताना सुई पांढऱ्या आवरणाबरोबर चरबी आणि स्नायूसुद्धा पकडते. हा मऊ भाग दोऱ्याखाली दबतो, त्याचं रक्त तुटतं, तो मरतो आणि मग टाका ढिला पडतो. फट राहते ती तिथेच. बारीक टाका फक्त आवरणालाच धरतो. शिवाय जोर २५ ऐवजी ४५ ठिकाणी वाटला जातो. गोधडीचा धावदोरा जेवढा बारीक तेवढी ती जास्त वर्षं टिकते, हे आपल्या आज्ज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

याला जोडून एक हिशेब आहे. जखम जेवढी लांब, तिच्या किमान चौपट दोरा आत गेला पाहिजे. १५ सेंटीमीटरच्या चिऱ्याला ६० सेंटीमीटर दोरा. त्यापेक्षा कमी गेला तर एक तर टाके लांब-लांब पडले किंवा दोरा जास्त ओढला. जास्त ओढलं तर कापडाला चुण्या पडतात, तसंच इथे रक्तपुरवठा तुटतो. घट्ट म्हणजे पक्कं असं नाही. कडा एकमेकींना टेकल्या म्हणजे पुरे.

हे आकडे पोटाच्या मधोमध उभा चिरा देऊन ठरवून केलेल्या ऑपरेशनचे आहेत, हे लक्षात ठेवा.

दोरा कोणता?

पूर्वी 'कॅटगट' नावाचा दोरा सर्रास वापरायचे. तो मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्यापासून बनतो आणि एक-दोन आठवड्यांतच त्याची ताकद जाते. आवरण भरायला महिने लागतात, म्हणून या कामाला तो पुरत नाही. नायलॉनसारखा दोरा कधीच विरघळत नाही. तो मजबूत असतो, पण सडपातळ बाईला त्याची गाठ वर्षानुवर्षं चामडीखाली टोचत राहते आणि कधी तिथून पाणीही येतं. मधला मार्ग म्हणजे सावकाश विरघळणारा दोरा. तो पहिले काही आठवडे घट्ट धरतो आणि सहा-सात महिन्यांत निघून जातो. ठरवून केलेल्या ऑपरेशनात आवरणासाठी हल्ली याचीच शिफारस करतात.

सिझरचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. चारातलं एक. त्यामुळे हा भाग बहुतेकींच्या घरातला आहे.

सिझरचा चिरा बहुतेक वेळा ओटीपोटावर आडवा असतो. फॅनेनस्टील नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०० मध्ये तो मांडला. आडव्या चिऱ्यात हर्निया होण्याचं प्रमाण उभ्या चिऱ्यापेक्षा बरंच कमी असतं. तातडीच्या वेळी किंवा काही कारणाने उभा चिरा द्यावा लागतो. तुमचा कोणता आहे हे बघून ठेवा. उभा असेल तर जास्त जपा.

"माझं आतलं अस्तर शिवलंच नाही म्हणे," अशी धास्ती कुणाला वाटली तर घाबरू नका. भारतासह सात देशांतल्या जवळपास १६,००० बायकांवर 'कोरोनिस' नावाचा अभ्यास झाला (२०१३). अस्तर शिवलं काय, न शिवलं काय, बाईच्या तब्येतीत फरक दिसला नाही. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही नाही. ते पातळ अस्तर आपलं आपण मिटतं.

मात्र चरबीचा थर दोन सेंटीमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला टाके घातल्याने जखम उघडण्याचं प्रमाण कमी होतं. आणि चामडी बंद करायला धातूच्या पिना लावण्यापेक्षा दोऱ्याचे टाके घातले तर सिझरची जखम कमी वेळा उघडते.

महाग दोरा आणि स्वच्छ हातमोजे

जंतुनाशक लावलेले महाग दोरे बाजारात मिळतात. त्यांनी पू होणं थांबतं का, हे भारतासह सात देशांत तपासलं (२०२१). साध्या दोऱ्यापेक्षा फायदा दिसला नाही. त्याच सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत, १३ हजारांहून जास्त रुग्णांवर दुसरी गोष्ट तपासली (२०२२). पोट शिवायच्या आधी डॉक्टर-नर्सने हातमोजे बदलायचे आणि स्वच्छ अवजारं घ्यायची. एवढ्याने जखमेत पू होण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. खर्च थोडा, फायदा खरा. पीठ मळलेल्या हाताने आपण रुमालावर भरतकाम करत नाही, तसंच हे.

चांगला टाकासुद्धा कशाने उसवतो?

डॉक्टरांनी कितीही नीट शिवलं तरी पुढचं काम घरी होतं.

• ओझं : भरलेला हंडा, ज्वारीचं पोतं, उसाची मोळी. सिझरनंतर किमान सहा आठवडे जड उचलायचं नाही. मोठा उभा चिरा असेल तर डॉक्टर बहुधा तीन महिने सांगतात.

• खोकला : प्रत्येक खोकल्यात टाक्यांवर झटका बसतो. खोकताना उशी किंवा घडी केलेली चादर पोटाला धरा. चुलीच्या धुरापासून लांब राहा. खोकला अंगावर काढू नका.

• संडासला जोर : पाणी आणि भाजी भरपूर. तरीही त्रास असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

• पथ्याच्या नावाखाली उपास : "भात खाल्ला की टाके पिकतात", "डाळ-अंडं नको, पू धरतो" हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. आवरण नव्याने विणायला शरीराला प्रथिनं लागतात. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी आणि चालत असेल तर मटण-मासे, हे उलट जास्त द्या.

• मशेरी, तंबाखू : यातल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम सावकाश भरते. ऑपरेशनआधीच सोडा. सवय असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

• साखर आणि रक्त : मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रक्त कमी असेल तर जखम बिघडते. वेळ असेल तर दोन्ही सुधारून मगच ऑपरेशन.

पोटाच्या पट्ट्याबद्दल बरेच जण विचारतात. पट्ट्याने आधार वाटतो, दुखणं कमी होतं, चालायला बरं पडतं. पण पट्टा बांधला म्हणून हर्निया होत नाही असं सिद्ध झालेलं नाही. पट्टा बांधून मोळी उचलली तर व्हायचं ते होणारच.

सगळ्यात पहिला प्रश्न

उत्तम टाका कोणता? जो घालावाच लागला नाही तो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीसमोर आकडे आले : ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. याच भागातल्या टोळ्या हंगामात आपल्या सोलापूरच्या कारखान्यांवरही येतात. पिशवी काढून, जखम पुरती भरायच्या आत डोक्यावर मोळी घेणाऱ्या बाईच्या पोटाला कोणत्या पद्धतीचा टाका पुरणार? म्हणून अंगावरून पांढरं जातं, पाळीचा त्रास आहे, एवढ्यावरून कुणी लगेच "पिशवी काढून टाका" म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय म्हणजे आपलं 'सिव्हिल' आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. गटाचं कर्ज काढायच्या आधी विचारा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

१. ऑपरेशननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जखमेतून अचानक गुलाबी, पातळ पाणी येऊन कपडे भिजले. वरचे टाके ठीक दिसले तरी आतले सुटत असल्याची ही खूण असते.

२. ताप, जखम लाल-गरम, पू, वास.

३. जखम उघडून आतडं दिसलं. अशा वेळी ते आत ढकलू नका, हळद किंवा राख लावू नका. स्वच्छ सुती कापड उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून वर झाका, गुडघे दुमडून उताणं झोपवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

४. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उभं राहिल्यावर जागेवर फुगवटा येतो, झोपल्यावर जातो. हा हर्निया आहे, दाखवून घ्या. फुगवटा कडक झाला, दुखतो, आत जात नाही, उलट्या होतात, वारा सरत नाही, तर तासाभराचाही उशीर नको.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न (कापून कपाटाला चिकटवा)

१. हे ऑपरेशन आत्ताच करायला हवं का? दुसरा उपाय आहे का?
२. चिरा उभा असेल की आडवा?
३. बाहेरचे टाके काढायचे की विरघळणारे?
४. जड काम किती आठवडे नाही? कागदावर लिहून द्याल का?
५. डिस्चार्ज कार्डावर काय केलं ते पूर्ण लिहिलं आहे का?

ते कार्ड जपून ठेवा. पुढच्या वेळी पोट उघडायची वेळ आली तर नव्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

गटात चर्चेसाठी

"जड उचलू नको" हे सांगणं सोपं आहे. पण पाणी कोण आणणार? सहा आठवडे तिची मजुरी कोण भरून काढणार? सासू-नवऱ्याला कोण समजावणार? याचं उत्तर एकट्या बाईकडे नसतं, दहाजणींच्या गटाकडे असू शकतं. म्हणून या बैठकीत पुढच्या तीन गोष्टींवर बोला आणि ठराव वहीत लिहा.

१. आपल्या गटात गेल्या दोन वर्षांत कुणाकुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं? कुणाला जागेवर फुगवटा आहे का? (सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर नंतर अध्यक्षांना किंवा आशाताईंना सांगा.)

२. कुणाचं ऑपरेशन झालं तर सहा आठवडे तिच्या घरचं पाणी भरायच्या पाळ्या लावता येतील का? दहाजणी असाल तर एकीच्या वाट्याला सहा आठवड्यांत चार-पाच दिवसच येतात.

३. त्या काळात तिचा कर्जाचा हप्ता पुढे ढकलायचा का? नियम आधीच ठरलेला असला तर तिला हात जोडावे लागत नाहीत.

आणि पुढच्या वेळी कुणाला भेटायला जाल तेव्हा "किती टाके पडले" जरूर विचारा, पण त्याच्या मागोमाग हेही विचारा : "पाणी भरायला उद्या कोण येतंय?"

तुमची,
क्षेत्र समन्वयक